तिऱ्हाइताचा कोयता

‘आमचा करार वाहतूकदाराशी आहे, मजुरांशी नाही.’ फडात कुणाला साप चावला, रात्री मोळ्या भरताना कुणी ट्रॉलीवरून पडलं, की साखर कारखानदारीच्या बाजूने हे वाक्य ठरल्यासारखं येतं. एका परिसंवादात एका नामवंत वकिलांनी त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं. करारात नसलेल्या माणसाला करारावर दावा सांगता येत नाही, १८७२च्या कायद्यापासून हे असंच आहे, इथे भावनेला जागा नाही, असं ते म्हणाले. मला हे मान्य नाही, आणि माझी हरकत कायद्याच्याच आधारावर आहे.

आधी साखळी पाहू. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा असा हा कारखान्यांचा पट्टा. दिवाळी सरता सरता बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या इथे उतरतात. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ट्रॅक्टरमालकाशी करतो आणि त्याला ॲडव्हान्स देतो. ट्रॅक्टरमालक मुकादमाशी नोटरी करतो. मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. इतकं होऊनही तोडणाऱ्याच्या हातात कारखान्याचा कागद नसतो. बाईचं नाव तर बहुतेक वेळा कुठेच नसतं. अर्धा कोयता तिचा, पण उचलीवर अंगठा नवऱ्याचा. आणि पैसे कोण देतो? शेतकरी. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरातून, वजा होतो. तोही या करारात नाही. पैसे देणारा बाहेर, घाम गाळणारी बाहेर, आणि वकीलसाहेबांना हीच रचना नैसर्गिक वाटते.

त्यांचा नियम मुळात इंग्लंडचा, ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन या १८६१च्या खटल्यातला. इंग्लंडने स्वतःच तो १९९९मध्ये कायदा करून सैल केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये चाको खटल्यात तो नियम स्वीकारला हे खरं, पण अपवादांसकट. त्यांतल्या एका अपवादापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे.

१८७७ साली उत्तर हिंदुस्थानात ख्वाजा मुहम्मद खान यांनी आपल्या मुलाच्या लग्नासाठी मुलीच्या वडिलांशी करार केला. सुनेला दरमहा ५०० रुपये खर्च-ए-पानदान, म्हणजे तिच्या स्वतःच्या खर्चाची रक्कम, देण्याचं वचन दिलं आणि त्यासाठी मिळकतही बांधून दिली. मुलगा-मुलगी दोघंही अज्ञान. पुढे या सुनेने, हुसैनी बेगमने, थकलेल्या रकमेचा दावा लावला, तेव्हा सासऱ्याचं म्हणणं हेच होतं की करार तुझ्या बापाशी झाला, तुझ्याशी नाही. १९१०मध्ये प्रिव्ही कौन्सिलतर्फे सय्यद अमीर अली यांनी ते फेटाळलं. जिथे वडीलधारी माणसं अज्ञान मुलांची लग्नं ठरवतात, तिथे हा इंग्रजी नियम लावला तर मोठा अन्याय होईल, असं त्यांचं म्हणणं. मला यात निकालापेक्षाही अमीर अलींची पद्धत मोलाची वाटते. नियम हातात घेण्याआधी त्यांनी पाहिलं की या समाजात करार कोण करतं आणि तो कुणाच्या आयुष्यावर होतो. मुकादम नोटरीच्या कागदावर सही करतो तेव्हा सहा महिने कोपीत राहून, पहाटे फडात उतरून तो करार पुरा करणारी माणसं गावात असतात. अमीर अलींचा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

इथवर आलो की वाटतं, तोडणाऱ्यांनी हुसैनी बेगमच्या वाटेनं जावं आणि तिऱ्हाईत लाभार्थी म्हणून कारखान्यावर दावा लावावा. पण ती वाट फडापर्यंत पोचत नाही. बेगमचा आकडा कागदावर होता. कारखाना-वाहतूकदार करारात तोडणाऱ्यासाठी काय लिहिलेलं असतं? टनांचं उद्दिष्ट, वाहनाचा नंबर, ॲडव्हान्स, वसुलीची कलमं. ज्या करारात तोडणारीसाठी दमडीचं वचन नाही, तो अंमलात आणण्याचा हक्क मिळून तिला काय मिळणार? इंग्लंडच्या कायद्यातही पक्षकारांना तिऱ्हाइताला करारातच बाहेर ठेवण्याची मुभा आहे. म्हणून मागणी वेगळी करायला हवी. तोडणाऱ्याला तिऱ्हाईत म्हणणंच थांबवलं पाहिजे.

त्यासाठी जबाबदाऱ्या कुठे सरकतात ते पाहावं लागतं. खर्डा कंपनीच्या १९६२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की करारातले हक्क साधारणपणे दुसऱ्याच्या नावे करता येतात, जबाबदाऱ्या मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय नाही. ऊसतोडणीत नेमकं उलटं चालतं. ऊस वेळेत आणण्याचं ओझं, अपघाताचा धोका, खाड्याचा दंड हे सगळं पायरीपायरीने खाली उतरतं, आणि वसुलीचा हक्क वर राहतो. माणूस मेला तर ‘अंगावरची’ उचल बायकोच्या, पोराच्या कोयत्यावर चढते. करार कायद्याच्या ३७व्या कलमाखाली चित्रकाराचं उदाहरण आहे. चित्र काढून देण्याचं वचन देऊन तो मेला, तर तो करार त्याच्या वारसांनाही अंमलात आणता येत नाही आणि समोरच्यालाही नाही. उचलीला कर्ज म्हटलं, तरी ते मृताच्या मिळकतीपुरतं वसूल होईल, विधवेच्या मजुरीतून नाही. वारशाने आलेलं देणं अंगमेहनतीने फेडायला लावणं ही १९७६च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी आहे.

कोझिकोडच्या दोरखंडाच्या कारखान्यातल्या कंत्राटी मजुरांच्या खटल्यात १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी मधल्या कंत्राटदारांचा पडदा बाजूला केला. ज्याच्या धंद्यासाठी माल होतो आणि मजुरांच्या पोटावर ज्याची सत्ता चालते तोच मालक, असा त्या निकालाचा आशय. २००१च्या स्टील अथॉरिटी निकालानंतर ती वाट अरुंद झाली, हे मी लपवत नाही. पण साखरेच्या बाबतीत पडदा कारखानदारांनी स्वतःच उचलला आहे. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांमध्ये, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत, तोडणीदरात ३४ टक्के वाढीचा करार तीन वर्षांसाठी झाला. दर ठरवायला समोरासमोर बसता येतं, तर मयताची भरपाई द्यायची वेळ आली की नातं कसं संपतं?

ट्रॅक्टरमालकाचं दुःखही खरं आहे. लाखोंची उचल घेऊन मुकादम पसार होतो, टोळी येतच नाही, आणि कारखाना ॲडव्हान्स त्याच्या बिलातून कापतो. त्यावर मुकादमांना तुरुंगात घालणारा कडक कायदा मागितला जातो. फसवणाऱ्यावर गुन्हा जरूर व्हावा. पण तेवढ्याने साखळी तशीच राहील आणि मुकादमावरची जरब शेवटी कोयत्यावरच उतरेल.

पुढचा दर ठरेल तेव्हा कारखान्याच्या शिक्क्याचा कागद प्रत्येक तोडणाऱ्याला मिळावा. बाईचं आणि पुरुषाचं नाव वेगवेगळं, टनाचा दर, घेतलेली उचल, काट्यावरच्या वजनाचा पंधरवड्याचा हिशेब, आणि अपघातात जबाबदार कोण, हे त्यावर असावं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने शेतकऱ्याचं बिल १४ दिवसांत द्यावं लागतं, चुकलं तर १५ टक्के व्याज. तोडणीच्या बिलालाही तोच नियम लावावा, आणि तोडणाऱ्या बाईचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत.