दुसऱ्या अल्बमचं वय

मुलींचा रॅप-गट निघाला की बातमी होते, आणि ती दरवेळी एकच असते: मुलीही रॅप करतात! या कौतुकात एक सवलत दडलेली असते. गाणं कसं झालंय हे कुणी फारसं विचारत नाही. ते मुलींनी केलं, एवढं पुरतं. दुसऱ्या अल्बमला ही सवलत मिळत नाही. म्हणून अशा कुठल्याही गटाबद्दल मला दुसऱ्या अल्बमचीच चौकशी करावीशी वाटते. तो लिहिला कुणी, पैसे कुणाकडे गेले, आणि तोवर गटात कोण उरलं होतं?

न्यूयॉर्कच्या शेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन सिअर्स कंपनीत फोनवर काम करायच्या. तिथलाच सहकारी हर्बी अझोर याने १९८५ मध्ये आपल्या अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी दोघींकडून एक गाणं करून घेतलं आणि त्यातून ‘सॉल्ट-एन-पेपा’ हा रॅप-गट उभा राहिला. १९८६च्या अखेरीस आलेला पहिला अल्बम ‘पुश इट’च्या जोरावर दहा लाखांपलीकडे खपला. दुसरा, ‘अ सॉल्ट विथ अ डेडली पेपा’, १९८८चा. गटातल्या डीजेची, ‘स्पिंडरेला’ची, जागा तोवर डीड्रा रोपरकडे आली होती. अल्बम खपला बरा, पण मला तो घाईचा वाटतो. ‘ट्विस्ट अँड शाउट’सारखी जुनी गाणी नव्या ठेक्यावर बसवून वेळ भागवल्यासारखा. सूत्रं अझोरच्याच हाती होती: तोंडं बायकांची, निर्णय पुरुषाचा. जेम्स स्वतः लिहू आणि निर्मिती करू लागली ती तिसऱ्या अल्बमात, १९९० मध्ये. ‘एक्स्प्रेशन’ हे गाणं तिचं. १९९३च्या ‘व्हेरी नेसेसरी’पर्यंत तिघीही आई झाल्या होत्या, आणि गट टिकून होता. त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच. मात्र मूळ ध्वनिमुद्रणांवर हक्क कुणाचा, याचा दावा त्यांना युनिव्हर्सल म्युझिकविरुद्ध थेट २०२५ मध्ये लावावा लागला.

‘टीएलसी’ या तिघींच्या गटाची गोष्ट तर याहून कडू. त्यांचा दुसरा अल्बम ‘क्रेझीसेक्सीकूल’ नोव्हेंबर १९९४ मध्ये आला, एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर गेला, आणि ऐन त्या लाटेत, १९९५च्या जुलैत, तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. करारच असा होता की विक्री वाढली तरी त्यांच्या हाती फारसं काही येत नव्हतं.

दुसऱ्या अल्बमचा हा प्रश्न मला पडतो तो वाशीमकडच्या मुलींबद्दल. वाशीमचा यात काय संबंध, असं कुणी विचारेल. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एक कथा आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला वळवण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी, तिथल्या तिथल्या वेशात, नाचत-गात फिरली आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचं लग्न लागलं. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. आपल्या गावात कवितेचं लग्न लागलं याचा वाशीमकरांना अभिमान वाटतो, तो रास्तच. पण वधूचं नाचणं-गाणं कथेत रंगतं ते या लग्नापर्यंतच. माझा प्रश्न नेमका तिथे आहे.

याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, बंजारा समाजाची पोहरादेवी आहे. होळीला तांड्यावर लेंगीची गाणी रंगतात, त्यात बायका मागे नसतात. लग्न ठरलेली मुलगी ढावलो गाते. रडतरडत, पण सुरात. थोरल्या बाया तिला तो शिकवत आल्या आहेत. म्हणजे लय, यमक, जागच्या जागी शब्द जुळवणं, यातलं काहीच इथे नव्याने आणायला नको.

इथे एक मोह आवरायला हवा. ओवी म्हणजे आपला रॅपच, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात भाऊ येतो, बाप येतो, पंढरी येते. दळणारी आपलं नाव क्वचितच घेते. उखाण्यात नाव नवऱ्याचं. रॅपर मात्र पहिल्या चार ओळींत स्वतःचं नाव ठोकून सांगते. ओवीला श्रोता लागत नाही. रॅपला गर्दी लागते, आणि प्रतिस्पर्धीही.

शिवाय गट लागतो, तोही टिकणारा. मुलींचे गट आपल्याकडे होतात: लेझीम पथक, कबड्डीचा संघ. बारावीनंतर, फार तर पदवीनंतर, एकेकीचं लग्न होतं आणि संघ विरतो. बायकांचे टिकाऊ गट म्हणजे बचत गट आणि भजनी मंडळ. ते लग्नानंतरचे, सासरच्या गावातले. या दोहोंच्या मधलं गावात काहीच नाही. दुसरा अल्बम नेमका त्या मधल्या वयात येतो. मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’सारखा स्त्रियांचा हिप-हॉप गट उभा राहतो, त्यात मराठी रॅपही असतो. तिथे लग्न झालं तरी लोकलने तालमीला येता येतं. मानोऱ्याची मुलगी रिसोडला दिली की तालीम संपली. प्रतिभेचा मुद्दा मला दुय्यम वाटतो तो यामुळे.

अल्बमचा जमाना गेला, आता सुटी गाणीच येतात, हा आक्षेप खरा आहे. पण दुसरं गाणंही दुसरंच असतं. यूट्यूबवर पहिलं चाललं की त्या चॅनेलचा पासवर्ड कुणाकडे आहे हे कळतं. बहुधा एखाद्या दादाकडे. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कराराने काढून घेता येत नाही, आणि गाणाऱ्यांनाही व्यावसायिक वापरात वाटा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा. तो निर्मात्याकडे, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. लेंगी पारंपरिक, म्हणून तिचा कवी कुणी नाही. पण ती मुद्रित करणाऱ्याचा हक्क पक्का होतो. उद्या तांड्यावरच्या चार मुलींनी लेंगीच्या चालीवर स्वतःचे शब्द चढवले, तर त्या शब्दांखाली चौघींची नावं लागली पाहिजेत, आणि मुद्रणाचा खर्च कुणी केला हे कागदावर आलं पाहिजे. बचत गटातल्या बाया पासबुक आणि ठराववही चोख ठेवतात. या पोरींना ती विद्या शिकवायला त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही.