हिरवा वाघ

मी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली, पण सरकारी पेन्सिलीचं टोकसुद्धा कधी घरी आणलं नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवत असतो. अशा माझ्या हातून परवाच्या दिवाळीत चक्क एक वाघ चोरला गेला. तोही सख्ख्या नातीचा. आणि गंमत म्हणजे, चोरी झाल्यावरही वाघ जागच्या जागीच होता!

त्याचं असं झालं. दिवाळीत अंगणात किल्ला हवाच, असा आम्हा रोहेकरांचा दंडक. गावाजवळ अवचितगड खराखुरा उभा आहे, पण त्यावर आपल्याला हळीव पेरता येत नाही. किल्ला म्हटला की चित्रं आली. रंगवलेली चित्रं बाजारात मिळतात, पण नातीला स्वतः रंगवायची होती. म्हणून मी पेण गाठलं. गणपतींचं गाव ते. ओळखीच्या एका मूर्तिकाराकडून कोरी चित्रं मिळवली: महाराज, सहा मावळे, एक गवळण आणि एक वाघ. पेंढ्यात गुंडाळून एसटीनं घरी आणली. वडखळ ते नागोठणे या टप्प्यात एक मावळा धारातीर्थी पडला. बाकीचे सुखरूप पोचले.

मग रंगकाम सुरू झालं. मावळ्यांना जांभळ्या मिशा आल्या, गवळणीचं दूध गुलाबी झालं. महाराजांचं काम तेवढं मी माझ्याकडे घेतलं. उगाच इतिहासाशी खेळ नको! आणि वाघ झाला हिरवागार.

"अगं, वाघ हिरवा असतो का?"

"तो गवतात लपलाय ना, आजोबा! पिवळा केला तर दिसेल की!"

यावर मी "वा, छान!" म्हटलं. तिथंच पहिलं पाप घडलं, कारण मला तो मुळीच छान वाटला नव्हता.

युरोपात लोक बागेत लाल टोपीचे, पांढऱ्या दाढीचे मातीचे बुटके मांडतात. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात या बुटक्यांना वर्षानुवर्षं मज्जाव असे. 2013 साली प्रदर्शनाच्या शंभरीनिमित्त तो त्या वर्षापुरता उठवला. मोठ्या माणसांची जात ही अशी. गंमत करायची ती आधी मंजूर करून घ्यावी लागते. मीही त्याच जातीचा. उद्या शेजारीपाजारी किल्ला बघायला येणार आणि हिरवा वाघ पाहून हसणार, या विचारानं मला झोप येईना. शेवटी रात्री अकरा वाजता उठलो आणि वाघ पिवळा केला. खालचा हिरवा वर येत होता, म्हणून दोन हात द्यावे लागले. वर काळे पट्टे ओढले आणि देशसेवा केल्याच्या समाधानात झोपलो.

सकाळी नात किल्ल्यापाशी उभी. "माझा वाघ कुठाय?"

"हा काय!"

"हा माझा नाही."

आता खरं सांगून टाकायचं की नाही? पण मी म्हणालो, "रात्री दव पडलं ना, त्यानं रंग बदलला असेल."

आणि तिचा विश्वास बसला! तीच खरी शिक्षा. संध्याकाळी पाहतो तर ही पोर एकेक मावळा ओंजळीत घेऊन ओटीवर नेऊन ठेवतेय. "यांचा पण रंग बदलेल, आजोबा."

त्या रात्री मला पेणचा कारखाना आठवला. तिथं एक जण मूर्ती घासतो, दुसरा अंगाचा रंग देतो, तिसरा पीतांबर रंगवतो आणि डोळ्यांची आखणी शेवटी एखाद्या जाणत्या हाताकडे जाते. चार हातांच्या मूर्तीला असे कितीतरी हात लागतात, पण माझं काम चोरलं असं कुणी म्हणत नाही. मग मी एक वाघ सुधारला तर ती चोरी कशी? खूप विचार केल्यावर फरक सापडला तो एवढाच, की तिथलं काम दिवसाउजेडी, एकमेकांच्या देखत चालतं. मी रात्री अकराला उठलो होतो. दुसऱ्याच्या कामाला हात लावणं हे पाप नव्हे. त्याच्या नकळत लावणं, आणि वर "तुझंच आहे" म्हणून सांगणं, हे पाप. आपण मोठी माणसं याला प्रेमानं 'मदत' म्हणतो.

वर आणखी एक फजिती. पुढे कुठंसं वाचलं, की हरणाच्या डोळ्यांना केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही. त्याला वाघ गवतासारखा हिरवटच दिसतो. म्हणजे माझ्या नातीनं वाघ हरणाच्या बाजूनं रंगवला होता आणि मी शेजाऱ्यांच्या!

हे ज्ञान नंतरचं. त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कबुली देऊन टाकली. वाटलं, रडेल. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन ब्रश आणला आणि माझ्या हातात दिला. "मग आता तुम्हीच परत हिरवा करा."

केला. तिच्या देखत, दिवसाउजेडी. पण कितीही हात दिले तरी खालचे माझे काळे पट्टे काही पुरते झाकले गेले नाहीत. दिवाळी संपली, किल्ला मोडला, मावळे खोक्यात गेले. वाघ मात्र तिनं मागं ठेवला.

"हा आपल्या दोघांचा," म्हणाली.

तो माझ्या टेबलावर आहे. हल्ली आल्यागेल्याला मी ती पेन्सिलीची गोष्ट सांगत नाही.