गृहिणीचे पान

महिनाअखेर जवळ आली की गृहस्थ हिशेबाची वही उघडून बसतो आणि खर्च कोठे कमी करता येईल, याचा विचार करू लागतो. हा विचार धर्माला धरूनच आहे. ज्या घरात मिळकतीहून खर्च अधिक, तेथे सावकाराच्या भीतीने नामस्मरणातही चित्त ठरत नाही. परंतु काटकसरीचा पहिला घाव कोणावर पडतो, हे त्या वहीत लिहिलेले नसते. दूध अर्धा लिटर कमी केले जाते. मुलांच्या पेल्यात ते पूर्वीइतकेच असते, घरधन्याच्या चहातही असते. आटते ते केवळ गृहिणीच्या वाट्याचे. भाजी उरली तर ती खाते, न उरली तर चटणीभाकरीवर उठते. ‘मला आज भूकच नाही’ हे तिचे शब्द सर्वजण ऐकतात, आणि कोणी अधिक विचारीत नाही.

यालाच कित्येक त्याग म्हणतात आणि वर गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञशेषाचा दाखला देतात. तो दाखला येथे लागू पडत नाही. यज्ञशेष भक्षण करणे हा सर्वांचाच धर्म आहे, आणि जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो पापच खातो, असा तेथील आशय आहे. आधीचे इतरांनी खावे आणि उरलेसुरले एकीने, अशी वाटणी भगवंतांनी कोठेही सांगितलेली नाही. उलट सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, या दोघांनाही योग साधत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

महाभारताच्या वनपर्वात सूर्याने युधिष्ठिराला दिलेल्या पात्राची कथा आहे. द्रौपदी सर्वांच्या मागून जेवीत असे, एवढेच लोकांच्या ध्यानात राहते. त्या पात्राचा नियम मात्र नीट पाहावा. ती जेवेपर्यंत त्यातील अन्न सरत नसे; म्हणजे तिचे जेवण त्यात आधीच धरलेले होते. आपल्या घरच्या पातेल्यात ते धरलेले असते काय?

काटकसरीचा आरंभ जिभेच्या आणि मानाच्या चोचल्यांपासून करावा. तंबाखू, दिवसातून चार वेळचा चहा, आणि सर्वांत जड म्हणजे लग्नकार्यात चारचौघांत उणे दिसू नये म्हणून काढलेले कर्ज. त्याचे व्याज लेकरे मोठी झाली तरी फिटत नाही. डाळ आधी भिजवून झाकण ठेवून शिजविली तर जळण वाचते, हेही लहानसे खरे. मात्र मोलकरणीच्या पगारातून कापलेले पैसे बचतीत धरू नयेत. ते दुसऱ्याच्या चुलीतून ओढलेले लाकूड होय.

तरीही खर्च कमी करण्याला मर्यादा आहे. पुढे मिळकतच वाढवावी लागते. मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले. त्यातूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली, आणि त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. देणगी घ्यावयाची नाही आणि नफातोटा सर्व भगिनींनी वाटून घ्यावयाचा, अशी तेथील रीत. त्यांचे भांडवल म्हणजे घरोघरी असलेली, पण कोणी कमाईत न धरलेली हातोटी.

मात्र चार पैसे मिळवून आणणाऱ्या स्त्रीच्या माथी पाणी भरणे, स्वयंपाक आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा पूर्वीइतकीच राहिली, तर वाढलेली मिळकत तिच्या झोपेतून काढलेली असते. अशा घरी पुरुषाने पहाटे पाणी भरावे, मुलांनी भांडी घासावीत, आणि रात्री तिचे पान सर्वांच्याच पंक्तीत मांडावे. पातेले मध्ये ठेवले म्हणजे ज्याला त्याला आपल्या हाताने वाढून घेता येते. आणि भाजी कमी असेल, तर ती सर्वांनाच दिसते.