टिपणे

मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद बरीच कामं करतं. कोंबडी दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, आई पदराने लेकराचे डोळे टिपते आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. यांपैकी कॅमेऱ्याचं टिपणं नेमकं कोणाच्या जवळचं, शिकाऱ्याच्या की आईच्या? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे.

कोल्हापुरात राहून तो टाळताही येत नाही. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही आपल्याकडे काचेच्या डोळ्यांनी बघतात. संस्थानकाळात इथे चित्ते पाळले जात, माळावर नेऊन काळविटांच्या कळपावर सोडले जात. त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते मागवले गेले होते. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. संस्थानची शिकार चालायची त्या दाजीपूरच्या रानात १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. बंदूक गेली, कॅमेरा आला. ही सुधारणाच आहे, यात वाद नाही. पण बंदुकीमागची हौस तिच्यासोबत गेली का?

माझ्या एका मित्राने गीरमध्ये काढलेला फोटो माझ्या खोलीत लावलेला आहे. वयात येऊ लागलेले दोन छावे. आयाळ नुकती फुटू लागलेली, पोटऱ्यांवर लहानपणचे ठिपके अजून पुसटसे दिसतात. सूर्य नुकताच वर आलाय, उजेड तिरपा आणि मऊ, कानांच्या कडा पेटल्यासारख्या. घरी येणारा प्रत्येकजण म्हणतो, “काय बघतायत बघा, थेट आपल्याकडे!” मला खटकतं ते नेमकं हेच. छावे आपल्याकडे बघतायत, याचा अर्थ ते जे काही करत होते ते थांबलेलं आहे.

दाजीपूरला पहाटे गेलं की हे अजून स्पष्ट दिसतं. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी गव्याची मादी चरत असते, तांबूस पिल्लू तिला लुचत असतं. गाडी थांबली की मादी मान वर करते, पिल्लू तिच्याआड जातं. फोटोसाठी तोच क्षण सर्वांत देखणा. शिवाय ज्या उजेडासाठी आपण चारला उठतो, ती वेळ जनावराच्याही कामाची असते. ऊन चढायच्या आत त्याला पोट भरायचं असतं. आपल्याला सर्वांत चांगला उजेड मिळतो तो त्याच्या सर्वांत गरजेच्या तासात.

यावर उत्तर तयार असतं: एका फोटोने काय बिघडतं? एका फोटोने खरंच फारसं बिघडत नाही. पण मागच्या गाडीतला माणूसही तेच म्हणत असतो आणि त्याच्या मागचाही. प्रत्येकाचं म्हणणं खरं असूनही त्या मादीची सकाळ मात्र गेलेली असते. गीरमध्ये जनावर बांधून बेकायदा ‘लायन शो’ भरवले गेले. अशा एका प्रकरणात २०२१ साली न्यायालयाने शिक्षाही दिली. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला आलेला गवा गर्दी आणि पाठलागात दमून त्याच दिवशी मेला. कितीतरी हातांत मोबाइल होते. त्या गर्दीत क्रूर माणसं थोडीच असतील. बहुतेकांना फक्त बघायचं होतं.

दुसरी बाजूही खरी आहे. फोटो पाहिले नसते तर शहरातल्या किती मुलांना गवा ठाऊक झाला असता? न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोणी भांडत नाही. अभयारण्याला लोकांचा पाठिंबा लागतो आणि त्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. म्हणून कॅमेरा घरी ठेवा, असं मी म्हणणार नाही. मीही नेतोच. पण ‘जनजागृती’ हा शब्द फार लवकर आपल्या मदतीला येतो. संस्थानिकांनाही शिकारीसाठी असे शब्द सापडत होतेच, पिकांचं रक्षण वगैरे. त्यातही थोडं तथ्य होतं. हौसेला कारण मिळालं की ती स्वतःला कर्तव्य म्हणवून घेते.

मग फोटो चांगला की वाईट हे कसं ठरवायचं? मी एकच प्रश्न विचारतो: मी तिथे नसतो तर या जनावराची सकाळ अशीच गेली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर मी फक्त उजेड घेतला. ‘नाही’ असेल तर मी त्याच्या तोंडचा घास घेतला, मग चित्र कितीही सुंदर असो. या कसोटीवर पाठमोरे, दूरचे, गवतात अर्धे लपलेले फोटो पास होतात आणि भिंतीवर लावण्याजोगे पुष्कळ नापास होतात.

आई डोळे टिपते तेव्हा तिचं सगळं लक्ष लेकराला खुपणार नाही ना, याकडे असतं. पदरावर काय उमटलं, हे ती बघत नाही.