लहान तोंडी मोठा घास?



गावात आशाताईंच्या सोबतीनं काम करणारी 'साथिया' मुलंमुली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात त्यांची निवड होते. आहार, स्वच्छता, नशेचे धोके हे बरोबरीच्या मुलांना समजावायचं, आणि ओघानं धाकटीही ऐकतात. हात धुवा, नखं कापा, इथपर्यंत कोणाची हरकत नसते. गाडी अडते खर्ऱ्यापाशी. पांढुर्णा-सौंसर नागपूरला लागून, त्यामुळे पन्नीत घोटलेला खर्रा आपल्याकडेही घरोघरी.

समजा, आठ वर्षांच्या नातवाला आजोबांनी पैसे दिले, "जा, टपरीवरून एक खर्रा आण." दादानं शिकवलेलं आठवून तो म्हणाला, "नाही आणत." ही अवज्ञा झाली का?

मोठ्यांचं ऐकावं हा आपला पहिला संस्कार, आणि तो मला आजही मोलाचा वाटतो. पण ऐकणं म्हणजेच आदर, असं नाही ना. सुपारी-तंबाखूनं गाल आतून ताठर होतात, तोंड उघडेनासं होतं, घास जात नाही. आजोबांना हे होऊ नये असं ज्याला वाटतं, त्याचा आदर कमी कसा म्हणावा? शिवाय 2003 च्या कायद्यानं 18 वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला मनाई आहे. टपरीवाला चुकतोच, पण पोराला पाठवतं कोण? घरचंच माणूस.

आता दुसरी बाजू. शिकवणारा दादाच चोरून खर्रा खात असला तर? काहीजण म्हणतात, मग त्याला बोलायचा हक्कच नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात बोलायचे, खरा क्रम तोच. तरी सोळा वर्षांच्या पोराकडून संतपण मागणं मला पटत नाही. "मी खातच नाही" असं खोटं मात्र त्यानं सांगू नये. "मला लागलीय, सुटता सुटत नाही, तू लागू देऊ नको," असं बोलला तर लहानं नीट ऐकतील. सांगता सांगता त्याचीही सुटेल कदाचित.

मला काळजी आहे ती त्या आठ वर्षांच्या नातवाची. नाही म्हटल्यावर पाठीत धपाटा बसला, तर त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार? सासऱ्यांपुढे सुनेचं किती चालतं, ते आपण बायका जाणतोच. म्हणून पुढच्या बैठकीत यावर आजोबा मंडळींनीच बोलावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.