हिशेब मागता येतो, हेतू बदलता येत नाही

देवस्थानाच्या जमाखर्चाबद्दल प्रश्न विचारला की विश्वस्तांकडून हल्ली एक ठरलेले उत्तर येते : हा आमच्या धर्माचा अंतर्गत प्रश्न आहे आणि घटनेने आम्हाला तसा हक्क दिला आहे. दर्ग्याचे विश्वस्त हेच सांगतात, चर्चच्या जमिनीवरून कोर्टात गेलेले पक्षही हेच सांगतात. सरकारचे उत्तरही तितकेच ठरलेले आहे. पूजाअर्चा तुमची, पण कारभार ऐहिक. आणि ऐहिक कारभारात आम्ही लक्ष घालणारच. मग विश्वस्त मंडळावर सत्ताधारी पक्षाची माणसे येतात आणि भाविकांच्या दानाकडे सरकारी योजनांचा पैसा म्हणून पाहिले जाते. 2018 च्या अखेरीस शिर्डी संस्थानाने निळवंडे प्रकल्पाच्या कालव्यांसाठी राज्य सरकारला 500 कोटी रुपये बिनव्याजी देण्याचे ठरवले. त्या भागाला पाण्याची गरज होती, यात शंका नाही. पण साईबाबांपुढे पैसे ठेवणाऱ्याने ते पाटबंधारे खात्यासाठी ठेवले होते का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

दोन्ही उत्तरे घटनेच्या 26 व्या कलमाचा आधार घेतात आणि माझ्या मते दोन्ही त्या कलमावर अन्याय करतात. त्या कलमात चार गोष्टी आहेत. धार्मिक संप्रदायाला धार्मिक आणि धर्मादाय संस्था स्थापून चालवता येतात, धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहता येतो, मालमत्ता मिळवता आणि बाळगता येते, आणि त्या मालमत्तेची व्यवस्था कायद्यानुसार करता येते. ‘कायद्यानुसार’ ही अट फक्त शेवटच्या हक्काला आहे. विश्वस्तांना ती अट दिसत नाही. सरकारला तिच्याशिवाय काही दिसत नाही.

धर्मासाठी दिलेल्या पैशाचा हेतू कोणी ठरवायचा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा इंग्रजांच्या हाती आली, तेव्हा तिच्यातला काही भाग 1821 मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला गेला. 1849 मध्ये सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा. पुण्यात मोठे वादळ उठले आणि 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. सुधारकांची बाजू योग्यच होती. पण एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. दक्षिणा राज्याच्या खजिन्यातून जात होती; राज्यकर्त्याने तिचा हेतू बदलणे म्हणजे आपलाच खर्च वेगळ्या खात्यावर टाकणे होते. वारकऱ्याने पेटीत टाकलेल्या नाण्याला हा न्याय लागू होत नाही.

पुढची शंभर वर्षे झपाट्याने ओलांडता येतील. 1863 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने देवळांच्या कारभारातून अंग काढून घेतले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील 92 व्या कलमाने सार्वजनिक न्यासाच्या गैरकारभाराविरुद्ध दावा लावण्याची वाट दिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम केला. मंदिर, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी, सगळ्यांना एकच व्याख्या, एकच नोंदणी, एकच धर्मादाय आयुक्त. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक ट्रस्टच्या चेंज रिपोर्टपासून जमीन विकण्याच्या परवानगीपर्यंत सगळे व्यवहार याच कायद्याने चालतात.

या कायद्याला आव्हान दिले ते पंचमहाल जिल्ह्यातल्या वेजलपूरच्या एका जैन देरासराच्या वहिवाटदाराने आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी. मुंबई उच्च न्यायालयात छागला यांच्या खंडपीठाने आव्हान फेटाळले. धर्म म्हणजे मुख्यतः माणसाची श्रद्धा आणि सदसद्विवेक, असा त्यांचा रोख होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 18 मार्च 1954 रोजी न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी रतिलाल पानाचंद गांधी खटल्याचा निकाल दिला. दोनच दिवस आधी त्यांनीच उडुपीच्या शिरूर मठाचा निकाल लिहिला होता. कायद्याच्या वर्गात शिरूर मठ शिकवला जातो आणि रतिलाल त्याच्या शेपटाशी लावला जातो. माझ्या मते धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने खरे वळण रतिलालमध्ये आहे, आणि तेच सर्वांत चुकीचे वाचले जाते.

रतिलालचे वाचन दोन तऱ्हांनी होते. विश्वस्त म्हणतात, न्यायालयाने धर्माची व्याप्ती वाढवली. धर्म फक्त मनातल्या श्रद्धेत नसतो, आचारातही असतो, असे सांगून छागलांचा संकोच दूर केला. म्हणून संस्था स्वायत्त. सरकारी वकील म्हणतात, न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग टिकवला. नोंदणी टिकली, हिशेब तपासणी टिकली, कलम 58 खालची वर्गणीदेखील फी म्हणून टिकली, जेव्हा दोनच दिवस आधी मद्रासच्या कायद्यातली तशीच वर्गणी कर ठरवून रद्द झाली होती. म्हणून देखरेख वैध. दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. न्यायालयाने नेमके काय रद्द केले, हे पाहिल्याशिवाय निकाल कळत नाही.

पहिली गोष्ट : धार्मिक संस्थांसाठी कसलाही अपवाद न ठेवता न्यायालयाने खुद्द धर्मादाय आयुक्ताला कोणत्याही न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद. मठाचा मठाधिपती हा कायद्याच्या भाषेत विश्वस्त. त्याच्या जागी सरकारी अधिकारी बसवला तर मठ उरतच नाही, कारण गुरुपरंपरा चालवणे हेच मठाचे काम. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इंग्लिश कायद्यात ‘सी-प्रे’ नावाचे तत्त्व आहे : दात्याचा मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले, तर न्यायालय त्याच्या सर्वांत जवळचा हेतू शोधते. 1950 च्या कायद्याने हे तत्त्व ताणले. मूळ हेतू पार पाडता येत असतानाही, लोकहितासाठी दुसरे काही बरे वाटते म्हणून पैसा वळवण्याची मुभा दिली. न्यायालयाने ती मुभा रद्द केली. संस्थापकाने सांगितलेल्या किंवा संस्थेच्या रूढीने ठरलेल्या धार्मिक कामासाठी पैसा खर्च करणे, हाच त्या संप्रदायाचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे टिकले काय आणि गेले काय? पैसा कुठे गेला हे विचारणारा प्रत्येक अधिकार टिकला. पैसा कुठे जावा हे ठरवणारा अधिकार गेला. या रेषेने सरकारला अडवले, हे सगळे सांगतात. तीच रेषा विश्वस्तांनाही अडवते, हे कोणी सांगत नाही. ज्या हेतूपुढे सरकारला थांबावे लागते, त्याच हेतूपुढे विश्वस्तालाही थांबावे लागते. रतिलालने विश्वस्तांना मोकळे रान दिले नाही. दानाच्या हेतूला दोघांपासून संरक्षण दिले. म्हणून हिशेब मागणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला असूच शकत नाही. हिशेबाशिवाय ते स्वातंत्र्य भाविकापर्यंत पोहोचतच नाही.

यानंतर चर्चा दुसरीकडे गेली. 1961 मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी अंधश्रद्धेतून आलेल्या, मूळ धर्माशी संबंध नसलेल्या प्रथांना संरक्षण नाही, असे लिहिले आणि कोणती प्रथा धर्माला आवश्यक, हे न्यायालये ठरवू लागली. तिथून शबरीमलापर्यंतचा रस्ता वाचकांना ठाऊक आहे. त्या वादात मोठमोठी माणसे गुंतली, पण गावोगावच्या ट्रस्टसाठी रोजचा प्रश्न प्रथेचा नसतो, पैशाचा असतो. 2016 मध्ये हाजी अलीचा निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने धर्मग्रंथांच्या बरोबरीने ट्रस्टची स्कीम, म्हणजे कारभाराची लिखित योजनाही पाहिली. त्या ट्रस्टची उद्दिष्टे कर्ज, शिक्षण, वैद्यकीय मदत अशी होती. स्त्रियांना मजारीपासून दूर ठेवण्याचा अधिकार त्यात नव्हता. निकालाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. धर्मशास्त्रावर न्यायाधीशांनी बोलण्यापेक्षा, संस्थेने स्वतः लिहून दिलेल्या हेतूला तिला बांधून ठेवणे अधिक न्याय्य आहे.

2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आले. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने संपवले होते. दीर्घ लढाईनंतर ते संपलेलेच राहिले. त्याच महिन्यात चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की गैरकारभार दूर करण्यासाठी सरकार कारभार हाती घेऊ शकते, पण तो कायमचा ठेवू शकत नाही. एका निर्णयावर एक गट खूश झाला, दुसऱ्यावर दुसरा. दोन्ही एकत्र वाचले तर रतिलालचीच रेषा दिसते : मधला माणूस हेतूच्या आड आला तर त्याला बाजूला करा, पण त्याच्या जागी स्वतः ठाण मांडू नका. आपल्याकडे हे दुसरे वाक्य विसरले गेले. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला शिर्डीच्या सरकारनियुक्त विश्वस्त मंडळाची नेमणूक रद्द करावी लागली.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. दात्याचा हेतूच अन्यायाचा असेल तर? एका जातीपुरती धर्मशाळा, एका वर्णापुरते देऊळ? साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावले ते याच प्रश्नासाठी, आणि घटनेच्या 25 व्या कलमाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवळे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. पण तो अधिकार दार उघडण्याचा आहे, तिजोरी हलवण्याचा नाही. विठ्ठलाचे दर्शन सर्वांना खुले झाल्याने विठ्ठलासाठी दिलेल्या दानाचा हेतू बदलला नाही. उलट तो पुरा झाला.

दुसरा आक्षेप : संस्थांकडे कोट्यवधी रुपये पडून असताना समाजाने हात बांधून बसायचे का? नाही. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायला लावणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. ती मला योग्य वाटते, कारण ती रुग्णालयाला रुग्णसेवेच्याच शब्दाला जागायला लावते. संस्थेला तिच्या हेतूकडे ढकलणे वेगळे आणि तिचा हेतू आपल्या अंदाजपत्रकाकडे ओढणे वेगळे.

2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने देवळांच्या पैशातून लग्नाची कार्यालये बांधण्याचे तमिळनाडू सरकारचे आदेश रद्द केले. त्याच वर्षी संसदेने वक्फ कायद्यात दुरुस्ती केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिच्यातल्या काही तरतुदींना तात्पुरती स्थगिती दिली. या दोन प्रसंगी अनेकांनी आपले युक्तिवाद अदलाबदल करून वापरले. देवळाच्या स्वायत्ततेसाठी बोलणारे वक्फच्या बाबतीत देखरेखीचे गोडवे गाऊ लागले आणि देवळांवर सरकार हवे म्हणणारे वक्फसाठी स्वायत्तता मागू लागले. 1950 च्या कायद्याचे सर्वांत मोठे देणे म्हणजे एकच व्याख्या. ते आपण अशा वेळी गमावतो. जो प्रश्न देवळाला विचारायचा तोच वक्फला, तोच चर्चला आणि तोच अग्यारीला विचारला पाहिजे.

मग हक्क कोणाचा? याचे उत्तर त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे. देवळाच्या बाबतीत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ म्हणजे जिला तिथल्या पूजेला हजर राहण्याचा हक्क आहे किंवा जी नेहमी हजर राहते. मठाच्या बाबतीत त्याचा शिष्य. अशी दोन माणसे धर्मादाय आयुक्ताची संमती घेऊन न्यासाविरुद्ध दावा लावू शकतात. कायद्याने भाविकाला पक्षकार मानले आहे. आपण मात्र धर्मस्वातंत्र्याचा वाद सरकार आणि विश्वस्त या दोघांवर सोडून दिला आहे. प्रत्येक ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब आणि मूळ स्कीम संस्थेच्या दारात मराठीत लावण्याची सक्ती व्हावी, सरकारी नेमणुकीला मुदत असावी आणि संमतीचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू नये. एवढे झाले तरी 26 व्या कलमातला हक्क त्याच्या खऱ्या मालकाकडे, म्हणजे भाविकाकडे जाईल.