नावड आणि न्याय

१९७७ सालीं व्हॉयेजर यानांसोबत अंतराळांत गेलेल्या तबकडीवरील संगीत आम्ही क्रमानें ऐकलें. अमेरिकेच्या चक बेरीस आम्ही ‘गोंगाट’ म्हणून निकालांत काढलें. केसरबाई केरकरांच्या भैरवीनें मात्र डोळे पाणावले. तिच्या पाठोपाठच ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचें १९२७ सालचें शब्दावांचून कण्हणें आलें, आणि डोळे कोरडे झालेच नाहींत. पुढें ध्यानांत आलें कीं, चक बेरीचें गाणेंही याच ब्लूजच्या कुळांतलें. मग आमचा पहिला निवाडा रसिकतेचा होता, कीं केवळ संवयीचा? साक्षीदाराची भाषा जाणल्यावांचून न्यायाधीशानें निकाल देऊं नये. मग कानानें तरी कां द्यावा? नावड असणें हा अपराध नव्हे. नावडीस न्यायाचा झगा चढविणें हा मात्र अपराध खरा.